काचेच्या घरापुढचं खळं

गाव सोडलं त्या सकाळी आईने खळं नुकतंच सारवलं होतं. भाताची झोडणी उरकली की आमच्याकडे घरापुढची जमीन चोपून घट्ट करतात, वर शेणाचा हात फिरवतात, तेच आमचं खळं. मला गुहागरहून मुंबईची एसटी गाठायची होती, म्हणून बॅग उचलून मी ओल्या शेणावरूनच पळत सुटले. आई मागून ओरडली, "सुकल्याबिगर पाय दिलास ना गो!" निरोपाचे एवढेच शब्द. गाडीत बसल्यावर आधी हसू आलं, मग रडू.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे बॅगा भरून गेलेल्यांनो, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. आधी मुंबई, मग सिंगापूर. तिथे मी लोकांच्या गच्च्यांवर बागा आखून द्यायचे आणि स्वतः बाल्कनीत एका कढीपत्त्याची मनधरणी करायचे. आता काम लॅपटॉपवरच होतं, म्हणून रत्नागिरीजवळ सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, घर बांधलं. काँक्रीट, समुद्राकडे भिंतभर काच आणि वर लांबच लांब उतरतं छप्पर. बाबा गेल्यापासून आई गावी एकटीच, तेव्हा समुद्राकडची खोली तिची. पण ती राहायला तयार नव्हती. सकाळी जयगडच्या फेरीबोटीने यायची, जेवायची आणि दुपारच्या गाडीला निघायची. हातातली पिशवीसुद्धा आत आणायची नाही, फाटकाशीच ठेवायची.

बाग मी अगदी घराला शोभेल अशी आखली होती. छपराच्या रेषेला समांतर लॉन, पांढरे गोटे, एका कडेने खडीची वाट, काचेसमोर दगडी बेंच. आईने सगळं फिरून पाहिलं. "झ्याक हाय," ती म्हणाली. "पन मानसानं टेकायचं कुठं?" मी बेंच दाखवला. डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी ती त्याच्या कडेवर बसली आणि लगेच उठली. मला रागच आला. इतकी वर्षं परक्यांच्या बागा आखल्या, कुणी नाव ठेवलं नव्हतं.

राग उतरल्यावर मी लॉन काढून टाकलं. काचेच्या रुंदीएवढीच माती भरून घेतली, जांभ्याची कड बांधली, मधोमध तुळस, कोपऱ्यांत अबोली आणि अनंत. कडेपलीकडचा कातळ उघडाच ठेवला, श्रावणात तो आपला आपण फुलतो. पाऊस सरल्यावर पोफळीच्या खांबांवर माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव घातला. काँक्रीटच्या छपराखाली ती झापांची रेघ अशी काही जुळली की मी स्वतःवरच खूश झाले. शेजारपाजारचे चोपणी घेऊन आले. जमीन बडवता बडवता गप्पा, थट्टा, चहावर चहा. काचेत सगळे दुप्पट दिसत होते.

सारवायला अर्थातच आई आली. पिशवी आणि चपला नेहमीसारख्या फाटकाशी ठेवून तिने तिथूनच हात घातला. सारवताना माणूस मागे मागे सरकतो. ती सरकत सरकत काचेच्या दाराशी पोचली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, म्हटलं, "आई, तुझं सामान पलीकडे राहिलं. गाडी चुकेल."

ती हात धूत होती. "सुकल्याबिगर पाय नाय द्यायचा," म्हणाली आणि आत जाऊन तांदळाचा डबा शोधू लागली.

जन्मभर खळं सारवलेल्या बाईला सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल? परत जायचं असेल तर दारापासून सुरुवात करून फाटकाशी संपवतात. जिथे राहायचं तिथे सारवण दाराशी येऊन संपतं, आणि घर म्हणजे तरी दुसरं काय असतं? बाजूने माझी खडीची वाटही होती. ती तिला दिसली नाही. मीही दाखवली नाही, पण त्याच वाटेने गुपचूप जाऊन तिची पिशवी आत आणली.

त्या दिवशी ऊन कडक होतं, खळं दुपारीच सुकलं असणार. दोघींपैकी कोणी बघायला गेलं नाही.