नऊ घुंगरमाळा

सासऱ्यांचं जुन्नरच्या बाजारपेठेत बैलांच्या साजाचं दुकान होतं. मोरक्या, कासरे, झुली, गोंडे आणि पितळी घुंगरमाळा. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा माझ्याकडे पुण्याच्या एका क्लासचं कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट होतं आणि डोक्यात हवा होती. सर्टिफिकेट कुठे गेलं कोण जाणे, हवा मात्र बरीच वर्षं टिकली.

दोन हजार आठच्या आसपास नवऱ्याने दुकानाची वेबसाइट काढली. ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले होते, पण शहरातली माणसं आता घुंगरमाळा स्वतःच्या दारावर टांगायला लागली होती. बैलाला जे शोभतं ते आपल्यालाही शोभतं असं त्यांना वाटत असावं. वेबसाइटवर कुठला माल किती शिल्लक आहे हे दिसायला हवं, म्हणून सगळा स्टॉक कॉम्प्युटरवर घ्यायचं काम माझ्याकडे आलं. स्वयंपाकघरातून सुटका झाली म्हणून मी हरखले, खोटं कशाला बोलू?

खोटं पुढे बोलले.

तोवर दुकानाचा स्टॉक चाचांच्या डोक्यात असायचा. चाचा आमचे कारागीर, घर दोन गल्ल्या सोडून. तीस वर्षं मागच्या खोलीत बसून ते चामड्याच्या पट्ट्यावर दाभणाने घुंगरं शिवत होते. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गल्ल्यावरून ओरडून विचारायचं, "लाल गोंडं किती ऱ्हायलं?" आणि चाचांनी मान वर न करता आकडा सांगायचा. तो कधी चुकायचा नाही. या एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. "लिवायचं कशाला? मला काय म्हातारचळ लागलाय व्हय?" असं म्हणून हसायचे.

दुकानाची एक रीत होती. बेल्ह्याला सोमवारी बैलबाजार भरतो. आदल्या दिवशी व्यापारी आमच्याकडून घुंगरमाळा घेऊन जात आणि विकायच्या बैलांच्या गळ्यात घालत. गळ्यात माळ असली की बेताचा बैलही देखणा दिसतो. गिऱ्हाइकाने माळेसकट बैल नेला तर माळेचे पैसे यायचे, नाहीतर मंगळवारी माळ परत. चिठ्ठी नाही, सही नाही. चाचा बघायचे आणि लक्षात ठेवायचे.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. बुधवारी सकाळी चाचा आठ दिवसांसाठी मंचरला लेकीकडे निघाले होते. पिशवी हातात घेऊन माझ्या टेबलाशी थांबले. आबा बाहेर गेले होते.

"सूनबाई, तयार घुंगरमाळा नऊच्या नऊ बाहेर हायेत. बेल्ह्यात त्या येपाऱ्याचं बैल इकलं न्हाईत, त्यो तसाच म्होरच्या बाजाराला गेलाय. पुढच्या मंगळवारी आणून देतो म्हणलाय. आबांच्या कानावर घाल."

मी स्क्रीनवरून नजर न हलवता "हो हो" म्हटलं. माझ्या तक्त्यात तीन रकाने होते, आला, गेला आणि शिल्लक. विकलेला नाही आणि फळीवरही नाही अशा मालाला त्यात जागाच नव्हती. येणारच आहेत परत, म्हणून मी नऊ माळा शिल्लकमध्ये ठेवल्या. आबांना सांगायचं राहून गेलं.

शुक्रवारी बंगळूरची सहा माळांची ऑर्डर आली. नवरा फळीकडे गेला आणि मोकळ्या हाताने परत आला.

"तुझ्या कॉम्प्युटरात नऊ दिसतायत. इथे एक नाही."

पेठेतल्या प्रत्येकाला त्याने सांगून ठेवलं होतं, की आता आमच्याकडे सुईसुद्धा हरवणार नाही. चूक माझी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पोळपाटापाशी असते. मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर नवरा म्हणाला, "म्हातारा माळा घेऊनच मंचरला गेला की काय?" आबा त्याच्यावर खेकसले, पण शब्द सुटून गेला होता. जुन्नरात असा शब्द एसटीच्या आधी पोचतो.

सोमवारी चाचा ठरल्याच्या आधीच परत आले. दुकानात चढले नाहीत, पायरीवरच उभे राहिले.

"आबा, मी चोर व्हय?"

"तसं कोण म्हणतंय राव? पण सांगून तरी जायचं."

"सांगितलं की! माळा येपाऱ्याकडं हायेत म्हणून सूनबाईला सांगून गेलो व्हतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला नाही काही बोलले."

मला वाटलं ते आता भडकतील, माझी लाज काढतील. तसं झालं असतं तर मी खरं बोलून मोकळी झाले असते, अशी समजूत मी अजून घालते. चाचा भडकले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "न्हाई सांगितलं? मंग इसारलो आसंन." ही सून खोटं बोलेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.

मंगळवारी व्यापाऱ्याने माळा आणून टाकल्या, बैलांच्या केसांसकट. चोरीचा डाग गेला. आबा म्हणाले, "वय झालं बिचाऱ्याचं. आता कॉम्प्युटरच बरा." तक्ता जुळला म्हणून नवऱ्याने मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली. चाचा पुन्हा कामाला आले नाहीत. आबांनी दोनदा निरोप धाडला. डोकं चालत नाही, कामात चूक होईल, एवढंच उत्तर आलं.

वेबसाइट दोन वर्षांत बंद पडली. त्यानंतर एकदा चाचा मला एसटी स्टँडवर भेटले. प्रेमाने पोरांची चौकशी केली. मग खिशातून चिठ्ठी काढून डोळ्यांजवळ धरली. साखर, काडेपेटी, लेकीचं औषध.

"आता समदं लिवून ठिवतो, सूनबाई," ते म्हणाले. "डोक्याचा काय भरवसा न्हाई."

मी म्हटलं, "बरं करता, चाचा."