कानावरचं टायमिंग

आमच्या बाबांना गाडीचं टायमिंग कानावर लावता येतं, ही आमच्या घरातली सर्वमान्य गोष्ट आहे. सर्वमान्य म्हणजे बाबांनीच सांगितलेली. गाडी माझ्याहून वयाने मोठी, पेट्रोलवरची. देऊळघाटला आमच्या अंगणात शेवग्याखाली ती उभी असते आणि तिच्यातून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, वांग्यांची पोती आणि पाहुणे यांची सारख्याच मानाने ने-आण होते. नव्या गाड्यांमध्ये टायमिंगचं कॉम्प्युटर बघून घेतो. हिच्यात ते हाताने लावावं लागतं. प्लगची ठिणगी नेमक्या वेळी पडावी म्हणून डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा जागच्या जागी किंचित फिरवायचा, एवढंच. पण किती किंचित, ते ज्याच्या त्याच्या कानावर. इंजिनाचा आवाज चढेल तिथवर डबा न्यायचा आणि मग केसभर मागे आणायचा.

अडचण इतकीच की बाबांना आता नीट ऐकू येत नाही.

तसं घरात म्हणायचं नाही. "तुमीच सारे हळू बोलायले लागले," असं बाबांचं म्हणणं. माझ्या भावाने त्यांना कानाचं चांगलं मशीन आणून दिलं, तर ते डबीसकट कपाटात गेलं, आईच्या पाटल्यांच्या शेजारी. मशीन लावलं की माणूस म्हातारा दिसतो म्हणे. डोक्यावर एक काळा केस शिल्लक नसलेल्या माणसाला ही भीती कशी वाटते, मला अजून उमगलेलं नाही.

यात खरी पंचाईत झाली आईची. तिने बाबांचं नाव कधी घेतलं नाही, घेणारही नाही. तिची हाक म्हणजे "अहो". आता "अहो" ही काही ओरडून मारायची हाक नव्हे. ओरडली की शेजारचे काका कुंपणावरून ओ देतात, समोरच्या ओट्यावरचे दोघं वळून बघतात आणि बाबा तेवढे वळत नाहीत. शेवटी तिने हाक मारणंच सोडलं. जेवायला वाढलं की ताटावर चमचा वाजवते. लाइट गेली, दूधवाला आला, एवढं कामापुरतं मोठ्याने सांगते. पण संध्याकाळी नवरा-बायको जे उगाच बोलत बसतात, ते ओरडून बोलता येत नाही. ती ते बोलायची, अजूनही, भाजी निवडता निवडता, आपल्याच आवाजात, आणि बाबा शेजारी बसून पेपर वाचायचे. मला ते पाहून फार वाईट वाटायचं. मी खामगावला असते. फोनवर रोज विचारायची, "आई, लावलं का मशीन?" आणि आई म्हणायची, "लावलं ना. कपाटाले."

मागच्या दिवाळीनंतर दोघं मला न्यायला आले. परत निघालो आणि बोथ्याच्या घाटात गाडी वाजायला लागली. चढावर रेस दिली की पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत, तसा आवाज. टायमिंग फार पुढे गेलं की गाडी अशी वाजते, आणि तशीच दामटली तर इंजिनाची वाट लागते, हे मला बाबांनीच शिकवलेलं. स्वतः बाबा मात्र काच खाली करून खुशीत होते.

"पिकअप पाह्य कसा हाय!"

"बाबा, गाडी वाजून राह्यली!" मी जवळजवळ त्यांच्या कानातच ओरडले.

"रस्ता खराब हाय."

रस्ता नवाकोरा होता. मागच्या सीटवर आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की घाटाने तिला मळमळत होतं, सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या किरकिरीला कंटाळून बाबांनी बॉनेट उघडलं. मी म्हटलं, "बाबा, आवाज न आयकता नुसता बल्ब लावूनही टायमिंग बसोता येते ना? मोबाइलवर दाखोतात."

बाबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ज्यायले कान नाईत, त्यायनं बल्ब लावा."

आई ओट्यावर मेथी निवडत होती. तिने एकदा मान वर केली आणि पुन्हा मेथीत घातली.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाबा नट ढिला करत, डबा थोडा फिरवत, नट आवळत, आणि आम्ही गावाबाहेरच्या चढावर जाऊन यायचो. ऐकायचं काम माझं. पहिल्या फेरीला गाडी वाजली. "पेट्रोलातच गडबड हाय," बाबा म्हणाले. दुसऱ्या फेरीला डबा इतका मागे गेला होता की वाजणं थांबलं, पण चालणंही थांबल्यातच जमा होतं. एक सायकलवाला म्हातारा आम्हाला मागे टाकून गेला, वर आस्थेने विचारून, "काही मदत लागते का?" तिसऱ्या फेरीला पुन्हा खडखड.

"वाजते, बाबा."

"तुले भास होते. शयरात राहून कान नाजूक झाले तुये."

अंगणात आल्यावर बाबांनी गाडी चालूच ठेवून पुन्हा डबा हलवला, नट आवळला, फडक्याला हात पुसले आणि चौथ्या फेरीसाठी ते सीटवर बसले. इंजिन हळू, बारीक आवाजात चालू होतं. बाबांनी किल्ली फिरवली. चालू गाडीला पुन्हा स्टार्टर मारला.

दातावर दात घासावेत तसा तो आवाज. कोंबड्या उधळल्या. शेजारचे काका कुंपणापाशी धावत आले. आईच्या हातातली जुडी खाली पडली. बाबांना तो आवाज कळला नाही. त्यांना आमचे चेहरे कळले. त्यांनी किल्ली सोडली, हात डॅशबोर्डवर टेकवला आणि तिथली थरथर हाताला लागली.

"चालूच होती काय?"

"हाव," मी म्हटलं. चिडवायचा सगळा दारूगोळा सकाळपासून भरून ठेवला होता मी. एकही बार काढवला नाही.

बाबा उतरले. आत गेले. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आले तेव्हा दोन्ही कानांत मशीन होतं आणि नजर कुणाकडेच नव्हती. ते सरळ बॉनेटपाशी गेले, वाकले आणि दचकून मागे सरले.

"बाप्पा! हे टॅपेट वाजून राह्यले. आन् पट्टा चिरकून राह्यला. कवापासून हाय हे?"

"तुमचं मशीन कपाटात हाय तवापासून," मी म्हटलं. एवढा एक बार सुटलाच.

त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी नट ढिला केला, डबा दोन बोटांनी धरला आणि हळू फिरवला. आवाज चढला. ते थांबले. केसभर मागे आणला. नट आवळून आम्ही चढावर निघालो. अर्ध्या चढाला तेच म्हणाले, "वाजली." तिथेच गाडी थांबवून आणखी केसभर मागे. मग गाडी खालून वर अशी गेली की मला सांगायला काही उरलं नाही. माझी ऐकायची नोकरी गेली, आणि मला आनंद झाला.

अंगणात येऊन त्यांनी इंजिन बंद केलं आणि बॉनेटखाली डोकं घालून नट एकदा तपासला. आई मेथीवरच होती. तिने नेहमीसारखं, मान वर न करता, स्वतःशीच म्हटल्यासारखं विचारलं, "चहा ठेवू का?"

"ठेव. अद्रक टाकजो," बॉनेटखालून बाबा म्हणाले.

आईचा हात थांबला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मेथी तशीच टाकून ती आत गेली आणि तिच्यामागे काळ्या हातांनी बाबाही गेले. मी ओट्यावर बसून राहिले.

आतून आईचा आवाज येत होता, तिचा खरा, खालचा. मावशीचा गुडघा, वाळून गेलेलं लिंबाचं झाड, समोरच्यांच्या मुलीला मुलगी झाली ती. मधूनमधून बाबांचं "हाव?" आणि "कवा?" मग ते जरा रागावलेच.

"आन् हे मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं," आई म्हणाली.

इतकं हळू म्हणाली की मला ओट्यावर जेमतेम ऐकू आलं. बाबांनी मात्र ऐकलं असावं, कारण ते म्हणाले, "पयल्यापासून सांग आता."