मागं बघू नको

एका भाकड म्हशीवर सुरुवात करून मी तीस म्हशींचा गोठा उभा केला. बाजारातली माझी युक्ती एकच. सौदा अडला की उठायचं आणि चालायला लागायचं. मागं बघायचं नाही. पाच-सात पावलांत हाक येतेच, "पावणं, बसा की!"

बायकोच्या छातीत जिना चढताना कळ यायची. कोल्हापुरातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून आम्हाला चित्र दाखवलं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला मुळाशीच फुगा आला होता आणि तो हृदयाला रक्त देणारी शेजारची शीर दाबत होता. असं फार क्वचित दिसतं, म्हणाले. छाती उघडून फुगा दुरुस्त करायचा, दुसरा उपाय नाही.

"स्टेंट टाका की," मी म्हणालो. "माझ्या मेव्हण्याला टाकलाय. आठवड्यात गाडी चालवाय लागला."

"त्यांची शीर आतून तुंबली असेल. ही बाहेरून दाबली जातेय. स्टेंटही चेपला जाईल."

"मग गोळ्यांवर भागवा. कायतरी कमी करा, डॉक्टर."

"यात कमी करण्यासारखं काही नाही. लवकर ठरवा."

माझं डोकं फिरलं. बायकोचं मनगट धरलं आणि बाहेर पडलो. लांब व्हरांड्यात मुद्दाम हळू चाललो.

ती म्हणाली, "अवो, त्यो काय म्हस विकाय बसलाय व्हय? चला माघारी."

"गप. मागं बघू नको."

हाक आली नाही.

आठ दिवस मी त्यांच्या फोनची वाट बघितली. नवव्या दिवशी सकाळी धार काढताना ती बादलीशेजारीच कोसळली. त्याच डॉक्टरांनी तातडीनं ऑपरेशन केलं. फुगा दुरुस्त केला, रक्ताला दुसरी वाट करून दिली. पण तोवर हृदयाचा बराच भाग मेला होता. चौथ्या दिवशी ती गेली.

त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. दारात येऊन नुसतं "थांबा" म्हणायला त्याचं काय जात होतं? लोक म्हणतात, त्याची काय चूक. त्याची नसेल तर कुणाची, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर हा राग मी सोडत नाही.

व्हरांड्याच्या टोकाला तिनं मान वळवलीच होती. "दार उघडंच हाय त्यांचं," म्हणाली.

मी मनगट ओढलं.