पायडलखालचे डॉक्टर

मिरकरवाड्याच्या रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे मी प्रिंटर घेऊन बसलो असताना पन्नाशीच्या एक बाई आल्या आणि त्यांनी टेबलावर चक्क पायडल ठेवलं.

"ताई, शिलाई मशीनवाला पलीकडच्या गल्लीत," दुकानदार म्हणाला.

"शिलाईचं नाही हो! हे दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प. बावीस वर्षं वॉर्डात मला हे जमलं नव्हतं."

मी खो खो हसलो. कंबर धरली म्हणून बाईंनी नर्सची नोकरी सोडली होती. आता डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून त्या घरी टाइप करत. आजच्या रिपोर्टात डॉक्टर आधी डावा गुडघा म्हणाले होते आणि शेवटी उजवा. ऑपरेशन उद्या सकाळी होतं.

दुकानदाराने पायडलची तुटलेली वायर जोडली. बाईंनी तिथेच लॅपटॉप उघडून कानाला हेडफोन लावले आणि पायाने तेच बोलणं तीनदा मागे नेलं. ऐकताना त्यांची बोटं स्वतःच्याच मनगटावर नाडी धरून होती.

"दोन्ही स्पष्ट बोललाय मेला!"

"मग काय लिहिणार?" मी विचारलं.

"दोन्ही. आणि खाली लिहिणार, पेशंट बघून खात्री करा. पूर्वी मीच उठून चादर वर केली असती."

रिपोर्ट पाठवून त्यांनी हॉस्पिटलला फोनवरही तेच बजावलं. निघताना त्यांची नजर माझ्या चपलांवर थांबली.

"भाऊ, पाय सुजलाय तुमचा. दाखवून घ्या," त्या म्हणाल्या, आणि नेमकं बोट रोखून पुढे म्हणाल्या, "डावा."