गोदाआत्याचा बंगला

माझी आत्या बंगल्यात वाढली नव्हती. ती थाप माझी आहे.

काल गोदाआत्या गेली. शहाण्णव वर्षांची होती.
सकाळपासून सासरच्या फॅमिली ग्रुपवर सगळे लिहितायत, "मोठ्या घरची लेक", "बंगल्यातलं बालपण".
वाचवत नाही.

खरं असं आहे.
एकोणीसशे तीसच्या दशकात सोलापुरात एका गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरचा बंगला होता. माझे आजोबा, विठोबा, तिथे माळी. लहानगी आत्या झारी घेऊन त्यांच्या मागे मागे.

फाल्गुन लागला की पांगाऱ्याच्या फुलांवर मध प्यायला इवले शिंजीर पक्षी यायचे. मेंदीच्या कुंपणात बुलबुल घरटी करायचे. ज्या फांदीत घरटं, तिला आजोबा लाल चिंधी बांधायचे. पिल्लं उडेपर्यंत तिथे कात्री लावायची नाही.

आत्या पुढे आमच्याकडेच राहायची. दर फाल्गुनात सकाळी पायरीवर चहा घेऊन बसायची.
"आला बघ शिंजीर. नर हाय. कसा चमकतोय मेला!"
मग बागेच्या गोष्टी.

त्या गोष्टी मी कॉन्व्हेंटमध्ये सांगितल्या. फक्त बंगला आमचा केला.
आठवीत होते. वर्गातल्या मुलींचे वडील डॉक्टर, वकील. आमच्या दोन खोल्या.

एका रविवारी मैत्रीण रेखा घरी आलीच.
अंगणातल्या जास्वंदीला आत्याने चिंधी बांधलेली. आत बुलबुल अंड्यांवर बसलेली.

"आत्या, ही कशाला?"
"घरटं हाय की गं. चुकून कुणी फांदी तोडू नये."
"तुमच्या बंगल्यातपण बांधायचे?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे.
तिला कळलं.

"व्हय की. लई मोठी बाग हुती. आमचा माळी बांधायचा."

आमचा माळी.
स्वतःच्या वडिलांना.

"काय नाव होतं त्याचं?" रेखाने सहज विचारलं.
"आता कुटं ध्यानात राहतंय, बाई," आत्या म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

रेखा गेल्यावर वाटलं, आता मार मिळणार.
आत्या कप विसळत होती. "पुढच्या खेपंला आदी सांगत जा की गं. लुगडं तरी बरं नेसले असते."

माझ्या लग्नात सासरच्यांनी विचारलं, तेव्हाही तिने तेच सांगितलं. माझ्या मुलांनाही तेच.
प्रत्येक वेळी मी शेजारी बसलेली. गप्प.

मागच्या महिन्यात तिच्या उशाशी बसून म्हणाले, "आत्या, सगळ्यांना खरं सांगून टाकते."
"आता गं? या वयात?" ती म्हणाली. "नगं. हसतील तुला."

मला. शेवटपर्यंत तिला माझीच काळजी.

तर हसा मला.
पण तिच्याबद्दल लिहाल तेव्हा तो बंगला नको. विठोबा माळ्याची लेक गोदावरी गेली, असं लिहा.

आत्या, तुझ्या पायांवर डोकं ठेवते. फार उशीर केला मी.