गच्चीवरची कपाटं

कोणतीही वस्तू हातात आली की साहेब आधी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवत, मग त्या नखाकडे पाहत आणि म्हणत, "चालणार नाही." चाकणच्या आमच्या कंपनीत ते क्वालिटीला होते, त्यामुळे तिथे हे त्यांचं कामच होतं. पण ते निवृत्त झाले तरी नख निवृत्त झालं नाही. लग्नपत्रिका, जावयाची नवी गाडी, शेजारच्या बाळाचा पाळणा, काहीच त्यातून सुटलं नाही. पिंपळे सौदागरला आम्ही एकाच सोसायटीत राहायचो. कंपनीतल्या सवयीने मी त्यांना इथेही साहेबच म्हणायचो.

त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, स्वयंपाकघरात कपाटं हवी होती. सुतार आले, एकामागून एक नापास होऊन गेले. शेवटी साहेबांनी ठरवलं, आपणच करायची. कंपन्यांत मशिनं ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या भंगारवाल्याकडून आणून त्यांनी गच्चीवर चार कपाटं ठोकली. एकाचं दार दुसऱ्यासारखं नव्हतं. मी जपूनच विचारलं, तर म्हणाले, "प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे."

रंगासाठी त्यांनी मे महिना निवडला, आणि त्यातही भर दुपार. कावळेसुद्धा पाण्याच्या टाकीच्या सावलीत चोची उघड्या टाकून बसलेले.

"साहेब, संध्याकाळी करा की."

"कंपनीत पेंट झाल्यावर पार्ट भट्टीत घालतात ना? इथे भट्टी फुकट आहे, राव."

भट्टीने काम चोख केलं. ब्रश डब्यातून फळीपर्यंत जाईतो रंगावर साय धरायची. वरून वाळायचा, आतून ओलाच राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी भाजलेल्या पापडासारखे फोड. साहेबांनी दोष आधी रंगाला दिला, मग दुकानदाराला, मग गच्चीवर गाद्या झटकणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना. स्वतःच्या कपाटावरून मात्र त्यांनी एकदाही नख फिरवलं नाही. आयुष्यभर त्यांच्या हातून नापास झालेले आम्ही, खाली बाकावर बसून यथेच्छ हसलो.

एका दुपारी हसणं थांबलं. वहिनी ताक घेऊन वर गेल्या, तर साहेब कपाटाशेजारी आडवे पडलेले. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. बाकावरच्या आम्ही तिघांनी त्यांना उचलून खाली आणलं आणि दवाखान्यात नेलं. गाडीत जरा भान आल्यावर ते म्हणाले, "डब्याला झाकण लावलं का?"

"लावलं," वहिनी म्हणाल्या. लावलं नव्हतं.

सलाईन लागलं. अजून उशीर झाला असता तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले. वहिनींनी दवाखान्याच्या जिन्यातूनच तयार कपाटं बसवणाऱ्याला फोन केला. मला म्हणाल्या, "भाऊजी, मला कपाटांची हौस नाही राहिली. पण हे परत वर जायला नकोत."

साहेब घरी आले तेव्हा भिंतीवर चकचकीत कपाटं होती. त्यांनी दारं उघडून पाहिली, मिटून पाहिली. दारं आवाज न करता मिटली. त्यानंतर साहेबांनीही आवाज केला नाही. वहिनी वाढत, ते जेवत, आणि ताट ठेवून उठत. असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी त्यांनी गच्चीवरची कपाटं लोकांना देऊन टाकायला काढली. एक आमच्या वाट्याला आलं. "यात ठेवायचं काय?" बायकोने विचारलं. दार उघडतच नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

मागच्या वर्षी फ्लॅट विकून दोघं लातूरकडे, गावी गेले. टेम्पो भरत होते तेव्हा मी खालीच उभा होतो. चकचकीत कपाटं नव्या मालकासाठी भिंतीवर राहिली. सगळ्यात शेवटी वहिनींनी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी खाली आणवलं. हमालाने गोधडी सारली, तर आत त्या चारांतलं सगळ्यात लहान कपाट, फोडांसकट. ते घरातच होतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांनाही नसावं.

"काकू, हे भंगारात ना?"

"नाही. नीट चढव."

साहेब वहिनींकडे बघत राहिले. मग पुढे झाले आणि हमालाला म्हणाले, "तू सोड. आम्ही दोघं उचलतो."