काय? ऐकू न्हाई आलं!

आमच्या शिरड शहापूरचा कबड्डी संघ टेम्पोनं गावोगाव खेळायला जायचा. दादा संघात होता, म्हणून मीही भाकऱ्या बांधून सोबत निघायचे. एका वर्षी वसमतकडच्या एका गावात शिट्टी वाजून गेल्यावर तिथल्या एका गड्यानं दादाच्या गुडघ्यावर मुद्दाम उडी घेतली. दादा कळवळला, तसा तो हसून माझ्याकडं बोट दाखवत म्हणाला, "जा, बहिणीजवळ बसून राहा आता." दादा कित्येक महिने लंगडला. मी त्या गड्याचं तोंड ध्यानात ठेवलं.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच मैदानावर गेलो. तो चढाईला आला आणि दादानं त्याचा घोटा पकडला. बाकीच्यांनी त्याला मातीत दाबून धरलं.

"मेलो! पाय सोड!" तो ओरडला.

मी दोरीपाशीच उभी होते. "काय? ऐकू न्हाई आलं! जोरात बोल!"

त्याच्याच गावची माणसं हसायला लागली. तो रडकुंडीला येऊन पुन्हा ओरडला, तेव्हा कुठं दादानं पाय सोडला.

सामना आम्ही हरलो. पण परतताना टेम्पोत पोरं त्याच्यासारखी ओरडून दाखवत होती, आणि मी प्रत्येकाला "आणखी एकदा" म्हणत होते.